संमती कोणाची, सही कोणाची?

वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने जगापुढे ठेवले. त्याला उघड विरोध कोणी करीत नाही. अडचण उद्भवते ती निरक्षर वा आदिवासी समाजापुढे कागद ठेवण्याची वेळ आली की. तेव्हा ‘त्यांच्या संस्कृतीत निर्णय वडीलधारेच घेतात’ हा युक्तिवाद कामी येतो.

दुसऱ्याने दिलेल्या संमतीचे खरे स्वरूप तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशीचा प्रकल्प तेथे २००९ साली सुरू झाला. १० ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १४ हजार मुलींना लस टोचण्यात आली. त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प स्थगित केला. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार, ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, तर २,७६३ वर वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या.

लस निरुपयोगी होती, असे नव्हे. त्या काळात दगावलेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीनेही जवळजवळ नाकारली. तथापि, औषध चांगले निघाले म्हणून न विचारता दिल्याचा दोष धुऊन निघत नाही. अधीक्षक मुलीच्या जेवणाची व अभ्यासाची काळजी वाहतो. एवढ्याने तिच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. शिवाय अधीक्षक हा कोणत्याही आदिवासी परंपरेतील वडीलधारा नव्हे. त्याला सरकारने नेमलेले असते. म्हणजे संस्कृतीचा मान राखण्याचा येथे प्रश्नच नव्हता. राखली गेली ती कार्यालयीन सोय.

संस्कृती स्वतः बोलते तेव्हा काय मागते, हेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेतील सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था या तिच्यातील मागण्या कोणत्याही सुशिक्षित शहरवासीयाच्या मागण्यांहून वेगळ्या नाहीत.

उद्या एखाद्या शिक्षकापुढे असेच परिपत्रक आले, तर सही करण्यापूर्वी त्याने दोनच प्रश्न विचारावेत: आईबापांना त्यांच्या भाषेत सांगितले आहे काय? आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक त्यांना आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर लेखणी खाली ठेवणे हेच त्याचे कर्तव्य ठरते.