ज्याला तोड नाही, तो पत्ता नको!

आपल्याकडे कुणाचं कौतुक करायचं झालं की आपण म्हणतो, 'ह्याला तोड नाही!' आईच्या हातच्या सोलकढीला किंवा सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हला हे अगदी शोभतं. पण पत्त्यांच्या खेळात ज्या पत्त्याला तोड नाही तो पत्ता अख्खा खेळ मारतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आत्ताच सांगायचं कारण असं, की हॉस्टेलवर झब्बू आणि मेंढीकोटाच्या जोडीला आता राक्षस, जादूगार आणि ड्रॅगनवाले पत्ते येऊन बसले आहेत. पाकिटं विकत घ्यायची, पत्त्यांची अदलाबदल करायची आणि स्वतःचा कॅट रचायचा. पुढची पायरी म्हणजे ड्रॉइंग शीट कापून घरचेच पत्ते तयार करायचे. कल्पना झकास! पण दहापैकी नऊ जणांच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं : 'समोरच्याचे सगळे पत्ते बाद.' मग पुढे खेळायचं काय, कपाळ?

अर्थात यात मोठेमोठेही फसलेत. अशा खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. तो 1993 साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने काढला. त्याच्या पहिल्याच संचात पाच पत्ते एका मापाचे होते. प्रत्येकाची किंमत एक आणि प्रत्येकाचं फळ तीन. एक पत्ता समोरच्याला 3 घाव घालतो, एक 3 प्राण देतो, एक 3 जादूशक्ती देतो, एक आपल्या प्राण्याचं बळ 3 ने वाढवतो आणि पाचवा 3 नवीन पत्ते ओढू देतो. कागदावर हिशेब चोख! खेळताना मात्र 3 प्राण देणाऱ्याला कोणी विचारेना, आणि 3 पत्ते देणारा 'अॅन्सेस्ट्रल रिकॉल' इतका भारी ठरला की 1994 मध्ये स्पर्धेच्या कॅटात त्याची एकच प्रत ठेवण्याचा नियम करावा लागला. थोडक्यात काय, आकडा सारखा म्हणून मोल सारखं होत नाही. युनिट न बघता बेरीज केली तर व्हायवाला सर जे करतात, तेच इथे खेळ करतो.

आता आमच्याकडचं ऐका. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडून सावंतवाडी एसटीने तासाभरावर, आणि तिथली दशावतारी गंजिफा तुम्ही निदान फोटोत तरी पाहिली असेल. पत्ते गोल, हाताने रंगवलेले, वर लाखेची चकाकी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी 12 पानं, एकूण 120. यातली खरी गंमत चित्रांत नाही, नियमात आहे. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी कवडीमोल! हुकूम नाहीच. दिवसा खेळाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी; रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची. म्हणजे नुसत्या दश्श्या हातात आल्या म्हणून कोणी माजू नये आणि नुसते एक्के आले म्हणून कोणी रडू नये. तोल राखणं याहून वेगळं काय असतं?

हाच धडा घेऊन एक पत्ता रचून बघू. पत्ता आरवलीच्या वेतोबाचा. (देव पत्त्यावर कसा, असं विचारू नका. गंजिफेत दहाही अवतार आहेत!) वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री फिरतो म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे आणि लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. समजा पत्त्याचं बळ 8, किंमत 3, आणि तो असेपर्यंत तुमच्या दुसऱ्या पत्त्यांवर हल्ला करता येत नाही. झाला ना बिनतोड? यावर सोपा उपाय म्हणजे बळ 8 चं 5 करणं. पण मग तो वेतोबा कसला! त्यापेक्षा त्याचं बळ राहू द्या आणि चपला झिजू द्या. सुरुवातीला दोन जोड. प्रत्येक राखणीला एक जोड संपतो. नवा जोड हवा तर हातातले दोन पत्ते टाका. शिवाय राखण फक्त रात्रीच्या फेरीत. आता समोरचा दिवसा हल्ला करेल, किंवा बारीकसारीक पत्ते पुढे करून रात्रीत चपला झिजवेल. पत्ता जबरदस्तच राहिला, पण त्याला तोड मिळाली, आणि तीही त्याच्याच गोष्टीतून.

प्रती किती ठेवायच्या, हेही गणितच. 40 पानांच्या कॅटात एक प्रत असेल तर पहिल्या पाच पानांत ती येण्याची शक्यता 12.5 टक्के. तीन प्रती ठेवल्या तर एक तरी येण्याची शक्यता जवळपास 34 टक्के, म्हणजे दर तीन डावांत एकदा! म्हणून वेतोबा एकच. गावालाही एकच असतो.

आणि तपासणी? एका वेळी एकच गोष्ट बदला, निदान वीस डाव खेळा, आणि ज्याने पत्ता बनवला त्याने त्या पत्त्याच्या विरुद्ध बसायचं. आपल्या लाडक्याचा मार स्वतः खाल्ल्याशिवाय त्याचे दोष दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, पत्त्यांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? तर यासाठी, की विकतच्या खेळात भारी पत्ता बहुधा भारी खिशाकडे जातो. सारखं हरणारा 'मला सबमिशन आहे' म्हणून उठतो आणि पुन्हा येत नाही. मेसचं बिल भरताना ज्याची ओढाताण होते, त्यालाही बरोबरीने बसता येईल असा खेळ हॉस्टेलवर हवा. एकच सामाईक कॅट, पत्ते आपल्याच हातचे.

सावंतवाडीच्या राजघराण्याने 1970 च्या दशकात गंजिफा बनवण्याची कला मोडता मोडता सावरली. तिचे पत्ते आज भेट म्हणून घेतले जातात, काचेत लावले जातात. खेळणारे मात्र फार थोडे. पत्ता टिकतो तो पिसल्याने. तेव्हा या गॅदरिंगला प्रत्येक विंगने दहा पत्ते करून आणावेत. अट एकच : पत्त्याच्या मागे त्याची तोड लिहिलेली हवी. ज्याला ती सुचली नाही, त्याचा पत्ता अजून अपुरा आहे, असं समजावं.