हवा भरून ठेवली तर वीज मिळेल का?

कोलाडला राफ्टिंग करून आला असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. तिथे कुंडलिकेला पाणी 'येतं'. सकाळी ठरावीक वेळी येतं, ते आलं की राफ्ट सुटतात, आणि उशीर झाला की गाइड लोक ओरडायला लागतात. ही नदीची मर्जी नाही, वीजनिर्मितीचं वेळापत्रक आहे. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी जवळपास ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या वाटेला लागतं. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. मुंबईच्या लोकल आणि गिरण्या चालल्या त्यात या पाण्याचा मोठा वाटा.

पण भिऱ्याची खरी गंमत वेगळीच आहे. जुन्या १५० मेगावॉटच्या वीजघराशेजारी १९९० च्या दशकात आणखी १५० मेगावॉटचं एक युनिट उभं राहिलं, ते उलटंही चालतं. विजेला मागणी नसेल तेव्हा तीच वीज वापरून खालचं पाणी परत वर मुळशीत चढवायचं आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडायचं. इंजिनीअरिंगवाले याला पंप्ड स्टोरेज म्हणतात, सरकारी मराठीत उदंचन. चार युनिट वीज खर्च करून तीनच परत मिळतात, तरी धंदा परवडतो, कारण ती तीन युनिटं नेमक्या गरजेच्या वेळी मिळतात. म्हणजे रोहा-माणगावच्या या पट्ट्यात तुमच्या जन्माआधीपासून एक अवाढव्य बॅटरी चालू आहे.

आता हा विषय आत्ताच का? देशातली सौरऊर्जेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तुम्ही घरी येऊन पंखा, टीव्ही आणि चार्जर एकदम लावता तेव्हा, सूर्य केव्हाच मावळलेला असतो. याचा परिणाम बिलावरही दिसायला लागला आहे. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत द्यायला सुरुवात केली. दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हे आता कागदावर आलं आहे. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत जो साठवून ठेवेल, त्याचा फायदा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात २०३१-३२ साठी लागणारी साठवण ४११ गिगावॉट-तास धरली आहे, त्यात १७५ उदंचनाची आणि २३६ बॅटरीची.

या आकड्यांमध्ये हवेचा वेगळा रकाना नाही. आणि तरीही 'कॉम्प्रेस्ड एअर एनर्जी स्टोरेज' हा शब्द सेमिनारमध्ये, प्रोजेक्टच्या टॉपिकमध्ये आणि गुंतवणूकदारांच्या पीपीटीत सारखा दिसतो. म्हणून जरा नीट बघू.

तत्त्व वडखळ नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे समजतं. त्याचा कंप्रेसर वीज खाऊन टाकीत हवा कोंबतो. वीज गेली तरी टाकीतली हवा पुढची दोन-चार चाकं भरते. म्हणजे टाकीत काम करण्याची क्षमता साठली आहे. ही टाकी डोंगराएवढी करा, हवा बाहेर सोडताना वाटेत टर्बाइन बसवा, झाली तुमची हवेची बॅटरी.

अडचणही त्याच दुकानात दिसते. कंप्रेसर चालू असताना त्याला हात लावून बघा (खरं तर नकोच, भाजेल). हवा दाबली की तापते. ती उष्णता म्हणजे तुम्ही भरलेले विजेचे पैसे, आणि ते वातावरणात उडून जातात. उलट हवा मोकळी होताना भयंकर थंड पडते, इतकी की त्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन टर्बाइन अडकेल. म्हणून तिला बाहेर पडण्याआधी पुन्हा तापवावं लागतं. जगातला पहिला असा प्रकल्प जर्मनीतल्या हुंटॉर्फला १९७८ मध्ये सुरू झाला, २९० मेगावॉटचा. तिथे तापवायला नैसर्गिक वायू जाळतात. एक युनिट वीज मिळवण्यासाठी ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिट इतक्या ऊर्जेचा वायू. बेरीज करा, कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास येते. दुसरा प्रकल्प अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉशला १९९१ मध्ये आला, ११० मेगावॉट, कार्यक्षमता ५४ टक्के. त्यानंतर मोठा असा तिसरा प्रकल्प यायला तीस वर्षं गेली. तंत्रज्ञान चांगलं असून मागे पडलं, अशी हळहळ व्यक्त करणारे भेटतात. मला ते पटत नाही. वायू आयात करणाऱ्या आपल्यासारख्या देशाला वीज 'साठवण्यासाठी' वायू जाळणं कधीच परवडलं नसतं.

गाडी पुढे सरकली ती चीनमध्ये. दाबताना निघालेली उष्णता वेगळी साठवायची आणि सोडताना तीच परत द्यायची, वायू लागत नाही. या पद्धतीचा १०० मेगावॉटचा प्रकल्प २०२२ मध्ये झांगजियाकोऊला झाला. मग शानडोंग प्रांतात फेइचेंग आणि हुबेई प्रांतात यिंगचेंग, प्रत्येकी ३०० मेगावॉट. यिंगचेंगचा प्रकल्प आठ तास हवा भरतो आणि पाच तास वीज देतो, म्हणजे १५०० मेगावॉट-तास. खर्च १.९५ अब्ज युआन, आपल्या हिशेबात २२०० कोटी रुपयांच्या पुढे. कार्यक्षमतेचा दावा ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे भिऱ्याच्या जरासा खाली. हे आकडे बांधणाऱ्यांनी सांगितलेले आहेत, तेव्हा थोडं मीठ लावूनच घ्या.

मिठावरून आठवलं. हुंटॉर्फ, मॅकिंटॉश, यिंगचेंग, फेइचेंग या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: हवा साठवलीय ती जमिनीखालच्या मिठाच्या थरात. शेकडो मीटर खोल मिठाचा जाड थर असतो, त्यात पाणी सोडून मीठ विरघळवायचं आणि खारं पाणी उपसलं की गुहा तयार. मीठ हवा झिरपू देत नाही, भेग पडली तर स्वतःच बुजवतं. हुंटॉर्फच्या दोन गुहा मिळून तीन लाख घनमीटरहून जास्त जागा आहे, ऑलिम्पिकचे सव्वाशे जलतरण तलाव मावतील एवढी. अशी लोखंडी टाकी बांधायला घेतली तर कंपनी पहिल्या वर्षीच बसेल.

पेणच्या वाचकांना वाटेल, मीठ तर आपल्याकडेच! खाडीकाठची मिठागरं आहेतच की. पण ते मीठ समुद्राच्या पाण्याचं, उन्हात वाळवलेलं, जमिनीच्या वरचं. खाली खणाल तर लागतो काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. लाव्ह्याचे थरावर थर, मधे भेगा, सांधे, कुठे पोकळ्या. सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर कातळातून पाणी झिरपताना दिसतं ना, मग ७० पट दाबाची हवा काय करेल याची कल्पना करा. भारतात खडकातलं मीठ आहे ते हिमाचलच्या मंडी भागात आणि राजस्थानात बिकानेरकडे. हवेची साठवण देशात मोठ्या प्रमाणावर झालीच, तर पहिला नंबर राजस्थानचा लागेल असं मला वाटतं. खाली मीठ आणि वर सौर प्रकल्प, दोन्ही एका राज्यात.

कठीण खडकात अजिबातच जमणार नाही असं नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे आपण खडकात प्रचंड गुहा खोदून कच्च्या तेलाचा राखीव साठा केला आहे, त्यामुळे खोदायचं कसं हे आपल्याला येतं. कॅनडाची हायड्रोस्टोर कंपनी कठीण खडकातल्या गुहेत हवा भरते आणि वरच्या तलावातल्या पाण्याच्या वजनाने तिचा दाब कायम ठेवते. त्यांचा ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलचा २०० मेगावॉटचा प्रकल्प आणि कॅलिफोर्नियातला ५०० मेगावॉटचा प्रकल्प गाजतोय, पण कंपनीचा चालू प्रकल्प आहे तो कॅनडातला पावणेदोन मेगावॉटचा. पावणेदोन ते पाचशे ही उडी केवढी, ते तुम्हीच बघा. अमेरिकेत आयोवामध्ये जमिनीखालच्या वालुकाश्मात हवा भरायचा बेत होता. आठ वर्षांच्या अभ्यासानंतर २०११ मध्ये तो सोडावा लागला, कारण तो खडक हवा पुरेशा वेगाने आत-बाहेर होऊच देत नव्हता. पैसा होता, इच्छा होती. भूगर्भाने नाही म्हटलं.

एक छोटा हिशेब करून बघा, बारावीचं फिजिक्स पुरेल. भिऱ्याला ५०० मीटर खाली पडणारं एक घनमीटर पाणी साधारण सव्वा युनिट वीज देतं. वातावरणाच्या ७० पट दाबाची एक घनमीटर हवा कागदावर सहा युनिट देते. गुहा कधीच पूर्ण रिकामी करत नाहीत आणि नुकसानही होतं, म्हणून हातात निम्मंही येत नाही, तरी पाण्यापेक्षा जास्तच. मग हवा जिंकली? नाही. मुळशीत पाणी कोट्यवधी घनमीटर आहे आणि ती 'टाकी' शंभर वर्षांपूर्वी बांधून झालेली आहे. हवेची टाकी दर घनमीटरला खोदावी लागते.

आता बाजार. हवेची खरी स्पर्धा पाण्याशी नाही, लिथियम बॅटरीशी आहे, आणि तिथे परिस्थिती वाईट आहे. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या बॅटरी निविदेत एका मेगावॉटचं महिन्याचं भाडं १०.८४ लाख रुपये आलं होतं. २०२४ संपता संपता राजस्थानच्या निविदेत ते २.२१ लाखांवर आलं, सरकारी मदत धरून. दोन वर्षांत पाचवा हिस्सा! मोबाइल डेटाचे दर पडले तेव्हा आपण शाळेत होतो, तसंच काहीसं. बॅटरी सहा महिन्यांत बसते, कंटेनरमधून येते, तिला भूगर्भशास्त्र विचारावं लागत नाही. हवेचा प्रकल्प उभा राहीपर्यंत बॅटरीचा दर आणखी कुठे गेलेला असेल, हे बँकेला सांगता येत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. जर्मनीतला आडेले हा वायू न जाळणारा प्रकल्प २०१० मध्ये मोठ्या थाटात जाहीर झाला आणि कधीच बांधला गेला नाही.

हवेची बाजू एकाच ठिकाणी भक्कम होते: जास्त तास. दोन-चार तासांची गरज बॅटरी भागवते. आठ, दहा, बारा तास हवे असतील तर बॅटरीत प्रत्येक जादा तासासाठी नवी बॅटरी घ्यावी लागते, हवेत फक्त गुहा मोठी करायची. शिवाय यंत्रं तीस-चाळीस वर्षं टिकतात. हुंटॉर्फ अजून चालू आहे. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग सोलापूरच्या पलीकडे, विजयपुरा जिल्ह्यात कुडगीला होतोय. एनटीपीसी तिथे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड दाबून द्रव करून साठवणारा १६० मेगावॉट-तासाचा प्रकल्प उभारते आहे. त्याला गुहा लागतच नाही, जमिनीवरचा भलामोठा फुगा आणि टाक्या पुरतात. माझं लक्ष तिकडे आहे.

या सगळ्यात 'टाटांची हवेवरची गाडी' आठवणारे काका तुमच्या घरातही असतील. टाटा मोटर्सने २००७ मध्ये फ्रान्सच्या एमडीआयशी करार केला, २०१२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं सांगितलं, आणि गाडी शोरूममध्ये कधी आली नाही. 'तेल कंपन्यांनी दाबलं' ही थिअरी व्हॉट्सअॅपवर अजून फिरते. उत्तर एवढं नाट्यमय नाही: गाडीत मावेल एवढ्या टाकीत ऊर्जाच फार थोडी मावते.

रायगडात साठवण येणार आहे, पण ती पाण्याच्या रूपाने. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला, त्यातला १००० मेगावॉटचा भिवपुरीला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात कर्जतकडे. टोरेंटच्या २०२४ च्या करारातही कर्जतचं नाव आहे, तब्बल ३००० मेगावॉटसाठी. इथे प्रश्न तंत्रज्ञानाचा उरत नाही. मुळशीचं धरण होताना जमिनी गेल्या, त्याविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव तिथेच मिळालं. आज तुम्ही ज्या भिऱ्याचं कौतुक वाचताय, त्याची किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी भरली आहे. आणि इतक्या मागे कशाला जायचं? महामुंबई सेझच्या वेळी सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांमध्ये सरकारला चक्क मतदान घ्यावं लागलं होतं. तुमच्यापैकी काहींचे आई-वडील त्या रांगेत उभे असतील. 'हरित' प्रकल्प आहे म्हणून पेणचा किंवा कर्जतचा शेतकरी सातबारा काढून देईल, असं कोणी समजू नये. जमिनीखालची हवेची गुहा खरंच जमली, तर वरची जमीन फारशी जात नाही. मला वाटतं आपल्या भागासाठी या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे, आणि सेमिनारमध्ये तो कोणी सांगत नाही.

मग शिकणाऱ्याने यात काय बघावं? मेकॅनिकलला असाल, लोणेऱ्याला असाल किंवा दिवा-रोहा गाडीने पनवेलकडे अप-डाऊन करत असाल, तर हवेची साठवण येवो न येवो, त्यामागचे विषय बाजारात आजच चालतात: कंप्रेसर, हीट एक्सचेंजर, उष्णता साठवणारे क्षार, खडकाचं मेकॅनिक्स. सिव्हिल आणि जिऑलॉजीवाल्यांना तर उदंचनाच्या बोगद्यांमुळे काम आहेच. धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत, डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, नागोठण्याला पेट्रोकेमिकल. दाबलेली हवा या सगळ्यांना रोज लागते. औद्योगिक कंप्रेसर जेवढी वीज खातो, तिच्या ८० टक्क्यांहून जास्त उष्णता होऊन बाहेर जाते. पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला रिअॅक्टरसमोर सेल्फी काढून झाला की कंप्रेसर रूम दाखवायला सांगा, आणि तिथल्या माणसाला विचारा की ही गरम हवा जाते कुठे आणि शेजारच्या बॉयलरचं पाणी कशाने तापवता.