आधी फोटो काढा

गेल्या रमजानात आमच्या ग्रुपवर एक लिंक फिरली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कुष्ठरोगी बापासाठी मदत मागितली होती. वाकडी बोटे, तळपायाची जखम, चेहरा, गाव, सगळे त्यात होते. पैसे थोडेच जमले, फोटो मात्र तालुकाभर पोहोचला. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. ईदनंतर ती शाळेत आली नाही.

लिंक बनवणारा तरुण म्हणाला, "सर, फोटोशिवाय कोण पैसे देतो?"

खरे आहे त्याचे, आणि माझा राग तिथेच आहे. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाचा फोटो फिरला म्हणून त्या घरची सोयरीक कोणी मोडत नाही. कुष्ठरोग्याने मात्र जे आयुष्यभर लपवले, तेच मदतीआधी मांडायचे.

त्यातून लिंकवर लिहिले होते 'औषधांचा खर्च'. अहो, एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात! सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या. उपचार सुरू झाला की लवकरच त्या माणसापासून लागण होत नाही. खर्च होतो तो दुसरीकडे. बधिर पायाला काटा कळत नाही, हाताला चुलीचा चटका कळत नाही. जखम चिघळते, मग महिनोन्महिने ड्रेसिंग. गडचिरोलीच्या आतल्या गावातून यायचे तर एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. मे महिन्यात पाय चिघळला तर तेंदूपत्त्याचा हंगाम गेला, हाती येणारी रोकड गेली. पण बसभाड्यासाठी कोण लिंक उघडतो?

वरोऱ्याचे आनंदवन आपल्याच जिल्ह्यात. बाबा आमट्यांनी रोग्यांच्या हाताला शेती दिली, माग दिला. आपण तिथे मुलांची सहल नेतो, आणि गल्लीतल्या रोग्याच्या घरचा चहा टाळतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे बायकोला तलाक मागण्याचे एक कारण होते. ते २०१९ साली काढले. संसदेला ऐंशी वर्षे लागली, मोहल्ल्याला किती लागणार?

गरिबाला गुपचूप दिलेला सदका अधिक चांगला, हे सूरह बकरात आहे. लहानपणापासून ऐकतो आपण. आणि रमजानातच रोग्याचा चेहरा फॉरवर्ड करतो.

विश्वास कसा ठेवायचा, असे विचारणारे भेटतात. जकात गोळा करणारी माणसे आहेत ना आपल्याकडे? त्यातल्या दोघांनी दवाखान्याचा कागद बघावा, भाडे आणि बुडालेली मजुरी घरी पोहोचवावी, नाव पोटात ठेवावे. विधवेच्या घरी रेशन देताना आपण तिचा फोटो मागतो का? (आता काही जण तेही करू लागलेत म्हणा.)

मुलीच्या घरी मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा आईने दार उघडले नाही. आतूनच म्हणाली, "सर, आधी ते फोटो काढायला सांगा."

लिंक आता बंद आहे. फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांनी तो आज डिलीट करावा. मला तिसऱ्यांदा तिच्या घरी जायचे आहे.