भीमेच्या थडीचे तट्टू

हैदराबादला गेले की पायगा घराण्याच्या कबरी पाहायला लोक जातात. नक्षीकाम पाहून होते, पण नावाचा अर्थ फारसा कुणी विचारत नाही. पायगा म्हणजे आपली पागा! 18व्या शतकात निजामाच्या खाशा घोडदळाची जबाबदारी या घराण्याकडे होती. पुढे याच घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी फलकनुमा महाल बांधला. राजवाडे नंतरचे, आधी घोडे.

दख्खनच्या घोडदळात उंच अरबी घोड्यांचा मान मोठा होता, पण मजल दरमजल दौड करायला भीमथडीचे तट्टू लागे. अंगाने लहान, खुरांनी टणक आणि मिळेल त्या चाऱ्यावर राहणारे. थडी म्हणजे काठ. आपल्या कन्नड घरांत ‘दड’ म्हणतात तोच. भीमा भीमाशंकरला उगम पावते, पंढरपूरवरून विजयपूर, कलबुर्गी, यादगीर करत रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणून ‘तट्टू तुमचे की आमचे’ हा वाद मला निरर्थक वाटतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेडही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. आणि मराठी घरातला खंडोबा कन्नड घरात मैलार झाला, तरी घोड्यावरून काही उतरला नाही.

आज हैदराबादच्या आसपास काही हौशी कुटुंबांच्या फार्मवर घोडे दिसतात ते बहुधा मारवाडी. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारे, देखणे जनावर. मूळ देश राजस्थान, पण इथे ते जगते, कारण त्याला वरातीत मागणी आहे, प्रदर्शनात बक्षीस आहे. मला त्याचा हेवा वाटतो. घर सोडून इतक्या लांब आलेल्याला मखमली झूल, आणि घरच्या तट्टाला?

घरचे तट्टू धनगरांच्या वाड्यांबरोबर चालते आहे. पाठीवर बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी लहान मूलही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत मेंढपाळांनीच ही जात टिकवली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. 2023 मध्ये महाराष्ट्राने स्वीकारलेल्या राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. मान मिळाला, आनंद झाला.

पण 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टे होती. 2019 मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. मणिपूरमध्ये तट्टांना चरायला जागा उरेना, तेव्हा 2016 मध्ये सरकारला त्यांच्या जतनाचे धोरण आखावे लागले. आपल्याकडेही गायराने आक्रसली आणि जुन्या वाटांवर कुंपणे आली.

कुणी म्हणेल, हैदराबादसारख्या शहराजवळ चार घोड्या नेऊन पैदास करा, वंशाची वही ठेवा. जरूर करावे. रोगाची साथ आली तर दूरवरचा असा कळप वंश वाचवतो. पण बांधून खुराक घालून वाढवलेल्या शिंगराला चालण्याची, उपासाची, ओझ्याची परीक्षा द्यावीच लागत नाही. चार पिढ्यांनी रंग तोच राहील, पण काटकपणा राहील का? आपल्या घरातल्या दोन भाषांचेही असेच आहे. त्या सणासुदीला मिरवून टिकत नाहीत, रोज कामाला लागतात म्हणून टिकतात.

तट्टाला काम धनगराच्या वाड्यात आहे, आणि वाडा चालतो तो शेतकऱ्याच्या आधाराने. तेव्हा वाचकहो, यंदा सुगी झाल्यावर वाडा तुमच्या शिवाराशी आला तर चार रात्री मेंढ्या शेतात बसवून घ्या. धनगराला धान्य-पैसे मिळतील, जमिनीला लेंडीखत मिळेल. आणि बांधावरचे गवत तट्टाला खुशाल चरू द्या.