औषध मुंबईत स्वस्त, पोशेऱ्यात महाग: सरकारी खरेदीचा हिशेब कुठे चुकतो?

राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषधं एकाच ठिकाणाहून घ्यायची, म्हणजे भाव कमी लागतो आणि गैरव्यवहारालाही आळा बसतो, हा विचार चुकीचा नाही. त्यासाठीच २०१७ मध्ये खरेदीचं काम परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिलं गेलं. हाफकिन म्हणजे लस आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन बनवणारी जुनी, नावाजलेली संस्था. पण औषध बनवणं वेगळं आणि हजारो दवाखान्यांसाठी निविदा काढून माल वेळेवर पोहोचवणं वेगळं. निविदा लांबल्या, पुरवठादारांची बिलं थकली, मागणी केलेली औषधं महिनोन्‌महिने आली नाहीत. कॅगनेही पुरवठ्यातल्या दिरंगाईवर बोट ठेवलं.

आता हाच हिशेब पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यातून करून बघा. निविदेत गोळी काही पैशांना पडली, कागदावर सरकारचा फायदा झाला. पण दवाखान्यातलं कपाट रिकामं असेल तर माणूस मोखाड्याला किंवा जव्हारला जातो, खासगी मेडिकलमधून छापील किमतीला पत्ता घेतो. त्यात गाडीभाडं आलं, बुडालेली मजुरी आली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले खरे, पण औषध बाहेरून आणावं लागलं तर मोफत काय राहिलं? शुगर-बीपीवाला तर अशा वेळी महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच घेतो, किंवा एक दिवसाआड खातो. ही ‘बचत’ पुढे लकवा आणि डायलिसिसच्या रूपाने वसूल होते. आपल्या मोहल्ल्यांत मदत मागायला येणाऱ्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी किती वेळा असते, हे जकात वाटणाऱ्या कुठल्याही कमिटीला विचारा.

तामिळनाडूतही खरेदी केंद्रीयच आहे. तिथलं महामंडळ १९९४ मध्ये सुरू झालं. फरक व्यवस्थेत आहे. तिथे जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आहेत. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं. त्यात ठरलेल्या रकमेपर्यंत डॉक्टर गरजेप्रमाणे माल उचलतात. औषधं तपासणीत पास झाल्यावरच वाटली जातात. आणि पैसे वेळेवर मिळणार याची खात्री असली की कंपनीही भाव कमी लावते. उधारी बुडण्याची धास्ती असेल तर ती धास्ती भावात धरते. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. अजून एक फायदा म्हणजे यादी ठरलेली असली की डॉक्टर गरज नसलेली महागडी मिश्रणं लिहीत नाहीत. पण यादीतलं औषधच आलं नाही, तर डॉक्टर जे शिल्लक असेल ते लिहितात.

महाराष्ट्राने तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवून २०२३ मध्ये कायदा केला आणि वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. औषधांचा तुटवडा होता असं एक बाजू म्हणत होती, सरकारने ते नाकारलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि औषध खरेदीची व्यवस्थाही त्या सुनावणीत आली. पुढे २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात बनावट अँटिबायोटिक गोळ्या पुरवल्याचं उघड झालं. हा माल स्थानिक पातळीवर खरेदी झालेला होता. म्हणजे ‘मुंबईतून नको, जिल्ह्यालाच खरेदी करू द्या’ हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. तपासणी नसेल तर स्थानिक खरेदीत नकली माल घुसायला वाट मोकळीच.

त्यामुळे प्राधिकरणाने किती कोटींची खरेदी केली, यापेक्षा प्रश्न वेगळे विचारायला हवेत. पालघर जिल्ह्याच्या गोदामात आज काय आहे? मागणी गेल्यापासून मोखाड्याला माल पोहोचायला किती दिवस लागले? पावसाळा लागण्याआधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची इंजेक्शनं किती होती? साठ्याची नोंद ठेवायला ई-औषधी ही संगणक प्रणाली आधीपासून आहे. ते आकडे दवाखान्याच्या दारावरच्या फळ्यावर लिहायला नवीन कायदा लागत नाही.