शेजार पाहून ठेवावें

गेल्या वैशाखांत आम्ही नांदेडहून लातूर जिल्ह्यांतील आमच्या पुतण्याच्या मळ्यावर चार दिवस राहावयास गेलों होतों. द्राक्षांची बाग नांवाजण्याजोगी, घर गजबजलेलें. उकाड्यामुळें मुलें रात्रीं ओसरीवर निजत. ओसरीस लागूनच कोठीची खोली. सहज आंत डोकावलों, तों भिंतीशीं १३-०-४५ ह्या खताचीं पोतीं, त्यांस टेकून भुरीसाठीं आणलेलें गंधक, पुढ्यांत डिझेलचा कॅन आणि वर कापसाचें गाठोडें!

आम्हीं हटकलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, तें नुसतें खत. खत कुठें पेटतें?"

त्याचें म्हणणें अर्धें खरें. हें खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपल्या वाडवडिलांचा सोरा. तो स्वतः जळत नाहीं. परंतु तापला म्हणजे अंगचा प्राणवायु सोडतो व शेजाऱ्यास जाळतो. सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचीच बंदुकीची दारू होते. त्यांपैकीं दोन द्रव्यें तेथें एकमेकांस टेकून उभीं होतीं, आणि कोळशाचें काम करावयास कापूस हजर होता.

असला शेजार किती घातक, हें मुंबईनें पाहिलें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींतील 'फोर्ट स्टिकीन' जहाजांत स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गांठी होत्या. आधीं आग लागली, मग जहाज फुटलें, आणि भोंवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली.

खताचा दाखला पुढें १६ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी बंदरांत मिळाला. 'ग्रँडकॅम्प' जहाजावरील अमोनियम नायट्रेट खतास आग लागली. माल भिजूं नये म्हणून झांकणें लावून आंत वाफ सोडण्यांत आली. परंतु ज्या द्रव्याच्या पोटांतच प्राणवायु, त्याचा श्वास कोंडणार कसा? जहाज फुटलें व पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं.

शहरांतील वाचकांनींही हें आपलें नव्हे असें समजूं नये. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे ग्लिसरीनशीं मिसळले तर काडी न ओढतांही पेट घेतात. दोन्हीं एका कप्प्यांत नसावीं. विहिरीसाठीं आणलेली ब्लीचिंग पावडर रॉकेल, तेल व ॲसिड यांपासून दूर, थंड व कोरड्या जागीं असावी.

असलीं द्रव्यें मूळच्याच पिशवींत वा डब्यांत ठेवावीं. इंधन, गंधक, कापूस, कडबा ह्यांच्या व त्यांच्यामध्यें पक्की भिंत असावी. माप व झाडू निराळा ठेवावा. सांडलेली भुकटी भुशांत किंवा चिंध्यांत भरूं नये. ज्वालेखालीं वर्तुळ असलेलें चित्र वेष्टनावर दिसल्यास हाच इशारा समजावा. आणि खतास आग लागलीच तर घोंगडें टाकीत बसूं नये. प्रथम माणसें दूर न्यावीं व १०१ ला फोन करावा.

पुतण्यानें वाद घातला नाहीं. दिवेलागणीच्या आंत खताचीं पोतीं दूरच्या दगडी खोलींत गेलीं, डिझेल पंपाकडे गेलें. त्या रात्रीं ओसरीवर अकरा मुलें निजलीं होतीं. आम्हांसही झोंप बरी लागली.