घरखर्चाची वही : जुनी उंच गाडी घेताना

या महिन्यात दापोली तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. सलाम-दुआ झाल्यावर त्या लिहितात, "भाऊ कुवेतला आहे. व्याजाचे कर्ज नको म्हणून त्याने चार वर्षे पैसे साठवले आणि सहा लाख पाठवले. गावचा रस्ता खराब, अम्मीचे गुडघे दुखतात, खाली वाकून गाडीत बसता येत नाही. म्हणून छोटी पण उंच गाडी बघतो आहोत. एजंट पावणेसहा लाखांत सात वर्षांची डिझेल गाडी देतो म्हणतो. घेऊ का?"

बहीण, गाडी जरूर घ्या, पण पावणेसहा लाखांत घेऊ नका. असे का म्हणतो ते आमच्याच वहीतून सांगतो.

२०२२ मध्ये आम्हीही अशीच एक डिझेल गाडी ५ लाख ६० हजारांना घेतली. होते ते सगळे पैसे तिच्यात घातले. चकचकीत रंग, नवी सीट कव्हरे, गार एसी. चिपळूणच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालवली आणि बयाणा दिला. पाचव्या आठवड्यात अब्बांना कराडच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. कुंभार्ली घाटात अर्ध्या चढावर जळका वास आला. इंजिन ओरडत होते, गाडी मात्र पुढे सरकत नव्हती. क्लच प्लेट संपली होती. अब्बा दोन तास कठड्यावर बसून राहिले आणि डॉक्टरांची वेळ गेली. ते काही बोलले नाहीत, त्याचेच जास्त लागले. टोइंगचे पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले.

पहिल्या वर्षाचा हिशेब असा : टोइंग ४,५००. क्लच सेट, बेअरिंग आणि मजुरी १४,५००. पुढचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट ९,८००. पुढचे दोन टायर १४,४००. बॅटरी ६,२००. एसीचा कंडेन्सर आणि गॅस ८,७००. एकूण ५८,१०० रुपये, म्हणजे किमतीच्या दहा टक्क्यांहून थोडे जास्त. यातले काहीही अपघाताने झाले नव्हते. सात-आठ वर्षांच्या गाडीत हे भाग झिजायचेच. आम्ही त्यासाठी पैसे ठेवले नव्हते, ही चूक आमची.

म्हणून तुमच्या सहा लाखांची वाटणी अशी करा : गाडी सव्वापाच लाखांपर्यंत, विमा आणि नाव बदलण्यासाठी वीस हजार, आणि पंचावन्न हजार दुरुस्तीसाठी बाजूला. हे पंचावन्न हजार वर्षभर कोणत्याही लग्नकार्याला काढू नका.

आता गाडी बघायला जाल तेव्हा काय बघायचे ते सांगतो. एजंटला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागले तर चहा पिऊन या, थंड झाल्यावर चालू करायला लावा. दोष लपवायला गरम इंजिन सोयीचे असते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी असेल, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर तेथूनच परत फिरा.

मग गाडी चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच गेला आहे. काही डिझेल गाड्यांत त्याच्यासोबत फ्लायव्हीलही बदलावे लागते आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. खड्ड्यातून हळू न्या. पुढून खडखड आली तर लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्म झिजले आहेत. हे काम मोठे नाही, भावात कमी करून घ्या. टर्बो किंवा इंजेक्टर मात्र मोठे काम आहे. एका इंजेक्टरलाच दहा-पंधरा हजार सहज जातात. डिझेल गाडी असेल तर ओळखीच्या मिस्त्रीला स्कॅनर घेऊन सोबत न्या. त्यांची दिवसाची मजुरी वाचवू नका.

टायमिंग बेल्टचे जरूर विचारा. २०१६ ते २०२० मधल्या डिझेल ब्रेझाच्या १२४८ सीसी इंजिनात साखळी आहे. डस्टरच्या १४६१ सीसी आणि इकोस्पोर्टच्या १४९८ सीसी डिझेल इंजिनांत बेल्ट आहे. बेल्ट कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो, तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावे लागते. बदलल्याची पावती नसेल तर बदललाच नाही असे धरा आणि तो खर्च भावातून वजा करा. इकोस्पोर्ट घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे ते आधी पाहा.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुराचे पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण, खेड, महाडला काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ असते. मॅटखाली हात घाला, सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का पाहा, हेडलाइटच्या आत पाण्याचा डाग आहे का पाहा. अत्तराचा वास फार येत असेल तर आणखी सावध व्हा. पाणी शिरलेल्या वायरिंगचा दोष आज नाही, सहा महिन्यांनी निघतो, आणि मिस्त्रीलाही सापडत नाही.

डिझेल की पेट्रोल? भाऊ वर्षातून एकदा येणार, बाकी दिवस बाजार, दवाखाना आणि शाळा. एवढ्या फिरण्यासाठी पेट्रोल बरी. विशेषतः २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ होण्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्या. पूर्वीचे कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलने तपासा. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो तुम्हाला मिळेल असे एजंट म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

शेवटी एक गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही ती गाडी विकली. एसी कधीकधी मध्येच बंद पडत होता. घरातच एकजण म्हणाले, "सकाळी दाखवा, कळणार नाही." अब्बा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "कठड्यावर मी बसलो होतो." आम्ही घेणाऱ्याला एसीचे सांगितले आणि दुरुस्तीची वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने बारा हजार कमी केले आणि वही मागून घेतली.

बहीण, तुमची गाडी आली की पहिल्या दिवसापासून वही घाला. तारीख, किलोमीटर, काम, पैसे. तेलाची पावतीसुद्धा चिकटवा. आणि भावाला कळवा की गाडी आली, पंचावन्न हजार शिल्लक आहेत, अम्मी पुढच्या सीटवर आरामात बसतात.